उभी राहिली की थरथरणारी गाडी

आमची गाडी धावताना गुणी होती. ऐंशीनं सोडली तरी कुरकुर नाही. पण सिग्नलला उभी केली की तिच्या अंगात यायचं. स्टिअरिंग थरथरायचं, आरसा थरथरायचा आणि शेजारी बसलेल्या योगेंद्रची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मिशी थरथरायची. मिशी इंजिनामुळे थरथरते की रागानं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

योगेंद्रचं निदान पहिल्याच दिवशी तयार होतं. मी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवते, म्हणून. मी म्हटलं, गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, माझे दोन्ही पाय मोकळे आहेत, तरी थरथरतेय. तो म्हणाला, आता पाय काढून काय उपयोग, तिला सवय लागली. या माणसानं इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलाय. सिव्हिलचा.

धुळ्यातल्या गॅरेजवाल्यानं तीन आठवड्यांत प्लग बदलले, कॉइल बदलल्या, इंजेक्टर धुतले. त्याच्या स्कॅनरनं सांगितलं की इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे मध्येच अडखळतंय. ते आम्हाला सीटवर बसूनही कळत होतं. शेवटी त्यानं हात पुसत विचारलं, गाडी मॅडम चालवतात का. त्या दिवशी योगेंद्र दोन पोळ्या जास्त जेवला.

मग आमच्यात ठरलं. गाडी जळगावला, मेहरूणला गॅरेज असलेल्या असलमभाईंना दाखवायची. त्यांना गाडीत दोष सापडला तर चावी माझ्याकडे राहणार. नाही सापडला तर दोष माझा, आणि दर शनिवारी मी धुळ्याहून माहेरी असोद्याला एसटीनं जायचं. आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून शनिवारचा दिवस मी तिच्यापाशी घालवत होते. एसटीनं गेलं की तो दिवस जाण्यायेण्यातच संपतो. म्हणून मी हो म्हटलं ते फक्त वरवर.

त्या शनिवारी आम्ही आधी असोद्याला गेलो आणि तिथून माझे वडील, उखर्डू आबा, आमच्यासोबत निघाले. आबांची केळीची बाग आहे, आणि जगातली कुठलीही वस्तू आपल्याला दुरुस्त करता येते अशी त्यांची खात्री आहे. पाण्याची मोटर, मोबाइल, आईचा चष्मा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलंय आणि त्यातलं निम्मं परत आलंय. गाडीच्या बाबतीत मात्र त्यांनी जावयाची बाजू घेतली होती. वाटेत चारदा म्हणाले, की गाडीला सांभाळणारं माणूस लागतं.

असलमभाईंनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि आम्हा तिघांना गप्प राहायला. तिघांपैकी दोघांना ते जड गेलं. मग त्यांनी स्प्रेचा बारीक फवारा एकेका नळीवर मारायला सुरुवात केली. हवा कुठून नको तिथं शिरत असेल तर फवाराही तिथून शिरतो आणि आवाज बदलतो, एवढंच ते म्हणाले. इंजिनाच्या मागच्या बाजूला फवारा पडला आणि आवाज बदलला. त्यांनी हात आत घालून अंगठा दाबला. गाडी शांत झाली. अंगठा काढला, पुन्हा थरथर. दाबला, शांत.

त्यांनी टॉर्च लावून बराच वेळ बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "ही तर ठिबकची नळी आहे."

कंपनीच्या रबरी नळीच्या जागी कुणीतरी शेतातल्या ठिबकचा वीतभर तुकडा बसवला होता. तोही काळाच, आणि इतका बेमालूम, की धुळ्याच्या गॅरेजवाल्याला तीन आठवडे संशय आला नव्हता. त्या तुकड्यात पाणी ठिबकायचं एक भोक नेमकं आलं होतं. शेतात तिथून पाणी बाहेर पडतं, इथं हवा आत शिरत होती. ही हवा सेन्सरला दिसत नाही, असलमभाई म्हणाले, त्यामुळे तिच्या मापानं पेट्रोल येत नाही. पळताना एवढीशी हवा खपून जाते, उभी राहिली की इंजिन अडखळतं.

योगेंद्रनं विचारलं, कुणी बसवली.

मी आबांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकवलेले जुने टायर अगदी मन लावून बघत होते. भाऊबीजेला आम्ही असोद्याला मुक्कामी होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांनी आईकडे गरम पाणी मागितलं होतं आणि त्यांचे हात काळे होते, ते मला आठवलं. मला भयंकर राग आला. महिनाभर मी बोलणी खाल्ली, आणि त्यात आबाही सामील. पण जावयासमोर या माणसानं कधी चूक कबूल केलेली नाही, आणि आता त्यांचे कान लाल झाले होते. मला ते बघवेना.

"मी बसवली," मी म्हटलं.

योगेंद्रचा चेहरा उजळला. हल्ली एसटीच्या गाड्या चांगल्या असतात, असं काहीतरी तो बोलायला लागला.

"जावईबापू, पोरगी खोटं बोलते," आबा टायरांकडेच बघत म्हणाले. "ही ठिबकची नयी मी लावली."

मग सगळं बाहेर आलं. रात्री गोठ्यातल्या उंदरानं नळी कुरतडली होती. आपल्या घरच्या उंदरानं जावयाची गाडी खाल्ली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून योगेंद्र उठायच्या आत आबांनी ठिबकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून बसवला. असलमभाई म्हणाले, फिटिंग मात्र एक नंबर आहे. त्यावर आबांची छाती लगेच फुगायला लागली होती, पण त्यांनी ती आवरली.

"अन् तिले गाडी चांगली येते," ते म्हणाले. "मी उगाच बोललो."

हे शेवटचे तीन शब्द मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकले. माझे डोळे भरून आले. स्प्रे झोंबला, असं मी असलमभाईंना सांगितलं.

नवीन नळी दहा मिनिटांत बसली. योगेंद्रनं चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसला. आबा माझ्या शेजारी बसले. इंजिन इतकं शांत होतं की सुरू झालंय की नाही हे मला काट्याकडे बघून कळलं. मी गाडी रस्त्याला घेतली. पहिल्याच वळणावर आबांनी दारावरचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला आणि पुढे असोदा येईपर्यंत सोडला नाही.

"मला गाडी चांगली येते असं तुम्ही आत्ताच म्हणालात ना, आबा?"

"म्हटलं ना मी," आबा म्हणाले. "पन हात आयकत नही."