हिरवी वायर

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत गिटारचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प बिघडला की माणूस नेव्ह पॅस्कोच्या शेडकडे वळतो, आणि ॲम्प सुधारण्याआधी मुकाट्याने नेव्हची बडबड ऐकून घेतो. आधीच्या कारागिराला चार शिव्या घातल्याशिवाय नेव्हचा स्क्रू-ड्रायव्हर फिरतच नाही. अडुसष्टी गाठली, पण तोंडाला लगाम म्हणून नाही.

त्या मंगळवारी व्हितो काम्पोरेआले आपला ॲम्प घेऊन आला. इटालियन कोळ्याचा पोर, आता स्वतःच आजोबा झालेला. गावात त्याला व्हितो कुणी म्हणत नाही, सगळे 'टिंबर' म्हणतात. झाड कोसळायला लागलं की लाकूडतोडे हीच आरोळी ठोकतात, आणि एक्क्याऐंशी साली फुटबॉल क्लबच्या नाचाच्या कार्यक्रमात व्हितो गिटार वाजवत माइकवर गाता गाता स्टेजवरून तसाच कोसळला होता. पिऊन तर्र, दुसरं काय! हे नाव ठेवलं नेव्हनेच. तो व्हितोच्याच बँडमध्ये ड्रम वाजवायचा.

"नातीला हवाय," व्हितो म्हणाला. "शनिवारी शाळेत वाजवणार आहे कार्टी. म्हटलं, आधी नेव्हला दाखवू. चाळीस वर्षं जाळ्यांच्या खोलीत पडून होता."

"त्या दिवसापासून?"

"त्या दिवसापासून. लाज वाटायची रे हात लावायची."

नेव्हने मागची फळी काढली, आतला लोखंडी डबा बाहेर ओढून उलटा केला आणि टॉर्च मारली.

"अरे देवा! कुणा खाटकाचं काम आहे हे?"

"का, काय झालं?"

"ही हिरवी वायर बघ. अर्थिंगची. सरळ कापून वर चिकटपट्टी गुंडाळलीय गाढवाने! ॲम्प घरघरायला लागला की ही वायर कापायची, घरघर जरा कमी होते. आळशी लोकांची युक्ती! खरी घरघर येते ती या वाळलेल्या कपॅसिटरांमुळे. पण ते बदलायचे तर अख्खी दुपार जाते, ती कोण घालवणार? मग कधीतरी ट्रान्सफॉर्मर गळायला लागतो, करंट या डब्यात उतरतो, डब्यातून गिटारच्या तारांत. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले, की माणूस जागच्या जागी आडवा. असल्या माणसाला तर भर चौकात उभं करून..."

टॉर्चचा उजेड डब्याच्या कोपऱ्यात पडला होता. तिथे पेन्सिलने लिहिलं होतं : एन. पी., १३ जून ८१. काम झालं की आत सही आणि तारीख टाकायची, ही या धंद्यातली रीत. सही न करणाऱ्याला नेव्ह कारागीर मानत नसे.

"सही आहे का कुणाची?" व्हितोने मान पुढे केली.

"पुसलीय. लागत नाही," नेव्ह म्हणाला आणि डबा आपल्याकडे वळवला. "गुरुवारी ये."

व्हितोची गाडी वळून गेली तरी नेव्ह स्टुलावरून उठला नाही. तेरा जून. शनिवार होता. संध्याकाळी कार्यक्रम आणि दुपारी फुटबॉलची मॅच, तीही सख्ख्या वैऱ्यांशी. म्हणून सकाळी कात्रीने कचकन वायर कापली, सही ठोकली आणि पळाला. रात्री व्हितो पडला तेव्हा नेव्हच "टिंबर!" म्हणून ओरडला आणि पोट धरून हसला. व्हितो शपथेवर सांगत होता, मी नुसतं लिंबाचं सरबत प्यायलोय. कोण ऐकतंय! बँडने त्याला काढलं. आठवडाभर सगळ्यांचं ऐकून ऐकून शेवटी त्याचं त्यालाच खरं वाटलं. नेव्हच्या दारात येऊन खाली मान घालून म्हणाला, "कुणीतरी सरबतात घातली असेल, मला पेलली नाही. माझं चुकलं." आणि नेव्हने काय केलं? पाठीवर थाप मारून त्याला माफ केलं. माफ केलं, वर मोठेपणाने! तेव्हापासून व्हितोने बिअरचा थेंब तोंडाला लावला नव्हता.

आणि ही वायर पुढे कधी नेव्हच्या मनात आलीच नाही, असंही नव्हतं. एक-दोनदा आली होती. त्याने ती मागे सारली होती.

त्याने मीटर लावला. ट्रान्सफॉर्मर खरंच गळत होता. तो बदलला, कपॅसिटर नवे घातले, हिरवी वायर नीट जोडली. घरघर पार गेली. मग त्याने खणातून खोडरबर काढलं. दोनदा घासलं, 'एन'चा एक पाय गेला, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. खोडरबर त्याने शेडच्या बाहेर भिरकावून दिलं.

गुरुवारी व्हितो खुशीत होता. "वा! कसा शहाण्यासारखा गप्प बसलाय!"

नेव्हने प्लग काढला, डबा उलटा केला आणि टॉर्च त्याच्या हातात दिली. "वाच. परवा खोटं बोललो मी."

व्हितोने चष्मा लावला. दोन अक्षरं आणि एक तारीख वाचायला त्याला फार वेळ लागला.

"म्हणजे मी सरबतच प्यायलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"तुझ्या दारात येऊन मी माफी मागितली. आणि तू दिलीस."

त्यापेक्षा त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं. 'मला माहीत नव्हतं' हे नेव्हच्या जिभेवर आलं होतं, पण तेही पुरतं खरं नव्हतं. त्याने ते गिळलं.

"आई मरेपर्यंत म्हणायची, पोरगा पिऊन पडला. चर्चमध्ये फादरपुढे कबुली दिली मी, नेव्ह. न केलेल्या पापाची."

"व्हितो, मी..."

"मला नको सांगू. मला कळलं. उद्या क्लबात सांग, सगळे असतात तेव्हा."

शुक्रवारी संध्याकाळी क्लबात सोडत असते, बक्षीस मटणाने भरलेला ट्रे, आणि आकडे वाचायचं काम वर्षानुवर्षं नेव्हचंच. त्याने माइक घेतला. तेवढ्यात काउंटरवरून कुणीतरी ओरडलं, "ए टिंबर, आज तरी घे की एक! धरतो आम्ही तुला!" सगळे खो खो हसले.

"त्याचं नाव व्हितो आहे," नेव्ह माइकवर म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. वायर, मॅच, सही, खोडरबरसुद्धा. सुरुवातीला दोघे-तिघे हसले, त्यांना वाटलं नेव्हचा काहीतरी नवा चावटपणा. मग तेही थांबले. नेव्हचे कान तापले होते, धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं, आणि धरणी काही घेत नव्हती. चाळीस वर्षं ज्यांना हसवलं त्यांतला एकही जण त्याच्याकडे बघेना.

व्हितो उठून काउंटरशी गेला. "एक बिअर," तो म्हणाला.

नेव्ह घाईघाईने खाली उतरला, खिशातून नोट काढून काउंटरवर ठेवली. "ही माझ्याकडून, व्हितो. एवढं तरी..."

पिरीत कुणी पाजलेली बिअर माणूस नाकारत नाही. भांडण असलं तरी नाही. व्हितोने ती नोट एका बोटाने परत नेव्हकडे सरकवली आणि आपली ठेवली. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं, मग आणखी एक घेतला.

"आकडे वाच, नेव्ह," तो ग्लासाकडे बघत म्हणाला. "लोक खोळंबलेत."