सर्व्हरची दुपारची विश्रांती

चाकूरच्या दूध डेअरीत नवा इन्व्हर्टर बसला आणि त्याच आठवड्यापासून सर्व्हर बंद पडू लागला. तीन दिवस नीट चालायचा, चौथ्या दिवशी संध्याकाळी अडकायचा. आसपासच्या गावांतल्या केंद्रांवर दूध मोजलं की लिटर आणि फॅट या सर्व्हरवर येत, आणि इथून होकार गेल्यावरच तिकडे पावती निघे. सर्व्हर अडकला की लोक केन घेऊन उभे.

पहिला फोन नेहमी केंद्रचालक नागाबाईंचा.

"उज्वला, तुझं मशीन झोपलं का ग परत? हितं बाया माझ्या नावानं शंख करू राहिल्या."

"बघते मावशी, पाचच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं दुधाला कळत न्हाईत, बाई."

उज्वला मुखेडची. पुण्यातली नोकरी सोडून ती डेअरीचा सर्व्हर सांभाळायला आली होती. मालक रामलिंगअप्पांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर काम पुण्याच्या कंपनीला द्यावं लागेल. मग तिलाही पुणंच. आणि तिला तिकडे परत जायचं नव्हतं.

मेमरी भरत होती, एवढं दिसत होतं. कोण भरतंय, ते दिसत नव्हतं. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची मेमरी तिने मोजली, ती जेमतेम पाव भरली. बाकीची कुणाच्याच नावावर नव्हती. एकेक प्रोग्राम बंद करून पाहिला. फरक पडला नाही.

"मॅडम, रागावू नका," इलेक्ट्रिशियन विरूपाक्ष म्हणाला. "इन्व्हर्टर काढून बगा."

"त्याचा मेमरीशी काय संबंध?"

"संबंध मला न्हाई ठाव. पण नवी सून घरात आली अन् त्याच दिवसापासनं भांडण लागलं, तर लोक कुणाकडं बघत्यात?"

"सासूकडेही बघावं कधी."

ऐकत बसलेले अप्पा हसले, पण त्यांनी इन्व्हर्टर काढायला लावलाच. आणि सर्व्हर चालू लागला. आठवडाभर नागाबाईंचा फोन नाही. विरूपाक्ष येता-जाता तिच्याकडे बघून मिशीत हसायचा. उज्वला चक्रावली. वीज जाते तेव्हा सर्व्हर ठीक, वीज टिकते तेव्हा आजारी, असं कसं?

शेवटी तिने सर्व्हर कधी सुरू झाला, कधी बंद पडला याची जुनी नोंद काढली. भारनियमन रोज दुपारी. विजेबरोबर सर्व्हर बंद व्हायचा आणि संध्याकाळच्या संकलनाआधी आपोआप सुरू व्हायचा, रिकाम्या मेमरीसह. मेमरी अशी नकळत अडकून भरत जायची, ही गळती आधीपासूनच होती. भारनियमन ती रोज पुसून टाकत होतं. इन्व्हर्टरनं फक्त ते पुसणं थांबवलं.

"म्हणजे सासूच," ती स्वतःशी म्हणाली.

कुणाच्याच नावावर नसलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमनं स्वतःच धरली होती, नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या भागात. तिने अप्पांना त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं. "गावाकडून माहिती आली की सिस्टिम एक रिकामा केन पुढे करते. काम झालं की केन धुऊन जागेवर ठेवते. पण मध्येच रेंज गेली, तर तो केन भरलेलाच कोपऱ्यात राहतो."

"अन् आपल्याकडं रेंज टिकती कधी?"

"तेच ना. तो केन परत ठेवायची सूचनाच तिथं लिहिलेली नव्हती. मी लिहिली. आता इन्व्हर्टर बसवा."

अप्पांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, हे त्या मानेवरून कळलं नाही.

इन्व्हर्टर परत आला. सर्व्हर आठवडाभर चालला. उज्वला खूश झाली, आणि मग तिचं लक्ष एका ओळीकडे गेलं: सर्व्हर आज दुपारीच सुरू झाला होता. कालही दुपारीच. परवाही. आता इन्व्हर्टरमुळे सर्व्हरची वीज तर जातच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी विजेच्या बोर्डाजवळ थांबली. विरूपाक्ष आला आणि त्यानं सर्व्हरचं बटण बंद केलं.

"हे काय करू राहिलात?"

तो ओशाळला. "अप्पानं सांगितलंय. मोटार तापली की तिला इस्रांती देतो ना आपण? तसंच हे. तुम्हाला सांगू नको म्हणले. वाईट वाटंल."

ती तडक अप्पांकडे गेली. "अप्पा, सर्व्हर म्हणजे विहिरीवरची मोटार नव्हे. तो दमत नाही."

"बंद तर पडंना ना आता? तुझी नोकरी राहिली. आणखी काय पाहिजे, पोरी?"

नोकरी राहिली होती, हे खरंच होतं. पण ती तिच्या दुरुस्तीनं राहिली की विरूपाक्षच्या बोटानं, हे तिला सांगता येत नव्हतं.

"आठवडाभर बटणाला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "बंद पडला तर पुण्याला मीच फोन करते."

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलीस."

"मला कळायला पाहिजे, अप्पा."

बटणावर चिकटपट्टी लागली, आणि चौथ्या दिवशी लक्ष ठेवा, असं तिनं नागाबाईंनाही कळवलं. दुपारी विरूपाक्ष सवयीनं आला आणि तिथंच घुटमळून गेला. चौथ्या दिवशी संध्याकाळी संकलन सुरू झालं आणि फोन वाजला. नागाबाई.

"काय मावशी, अडकलं का?"

"न्हाई ग. म्हणूनच फोन केला. आज अडकायचा दिवस व्हता ना?"