डावीकडून श्वास

उन्हाळी शिबिराचा सहावा दिवस. तरणतलावाच्या उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून अंकिता नवशिक्यांना फ्रीस्टाइल शिकवत होती. हात जमले, पाय जमले, आता श्वास. "डोकं उचलायचं नाही. एक कान पाण्यातच ठेवून तोंड उजवीकडं वळवायचं," हे तिनं शंभरदा सांगितलं असेल. सगळ्या पोरांना जमलं. अडलं ते एकट्या जोतीरामकाकांचं.

काका साठीचे. नात अपेक्षा एकटी पाण्यात उतरायला भ्यायची, म्हणून त्यांनीही नाव घातलेलं. श्वास घ्यायचा म्हटलं की ते अख्खं डोकं वर काढत. मग कंबर बुडे, पाय तळाला टेकत.

पाचव्यांदा तसंच झालं आणि अंकिताचा संयम सुटला. "काका, तुम्ही असं पोहता बघा!" म्हणत तिनं मान ताणली, डोळे वटारले नि डबक्यातल्या म्हशीसारखी फुरफुरली. पोरं खदाखदा हसली. काकाही हसले. अपेक्षानं मात्र भिंतीकडं तोंड फिरवलं.

तास संपल्यावर काका काठावर कान पुसत बसले होते. अंकिता थांबली. "काका, वळायची भीती वाटते का?"

"भीती कसली, मॅडम? मानच वळत न्हाय की उजवीकडं. मार्केट यार्डात तीस वर्सं उजव्या खांद्यावर पोती वाहिली." त्यांनी वळवून दाखवली. मान अर्ध्यातच अडली.

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी शिकवनाऱ्या. वाटलं, उजवीकडंच असतंय."

डावीकडून श्वास घेतला तरी चालतो. सहा दिवसांत तिनं एकदाही विचारलं नव्हतं. माफी ओठांवर आली, पण बाहेर पडलं एवढंच, "उद्या डावीकडून करू."

घरीही तिच्या डोक्यात तेच. वडलांच्या वयाच्या माणसाची नक्कल केली, तीही नातीदेखत.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच आले. "अपेक्षा यायची न्हाय म्हनती."

अंकितानं पोरांना गोळा केलं. "काल मी काकांची नक्कल केली. ते वाईट होतं. चूक माझ्या शिकवण्यात होती."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम. लेकीसारक्या तुमी," काका म्हणाले. त्या मायेनं तिला मान वर करवेना.

डावीकडून श्वास घेत काकांनी आठ हात मारले. पाय बुडाले नाहीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या; अंकिताचे हात काही उचलले गेले नाहीत.

संध्याकाळी ती काकांच्या घरी गेली. अपेक्षा आतल्या खोलीतून बाहेर येईना. अंकिता खोलीच्या बंद दाराशीच बसली. "चुकलं माझं, अपेक्षा."

मग आतून आवाज आला, "सगळी माज्या आजोबाला हसली. तुमी हसवलं."

"हो," अंकिता म्हणाली. "मीच हसवलं."

दार काही उघडलं नाही. तीही उठली नाही.