काळ्या पडद्याचा उजवा कोपरा

मी एक जुना काळा पडदा आहे. मित्रांनो, पडदा म्हटल्यावर तुम्हाला नाटकाचा पडदा आठवला असेल. तसला मानाचा पडदा मी नव्हे. माझ्यासाठी कुणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या मधोमध वाटीएवढे भोक आहे. त्या भोकातून नाक बाहेर काढून एका कॅमेऱ्याने अठरा वर्षे गिटारींचे फोटो काढले. बाकी सगळ्यांना लपवणे हे माझे काम. ते मी इतके चोख केले, की आज मला माझीच लाज वाटते.

कापडाच्या दुकानात मी एका ठाणाचा शेवटचा तुकडा होतो. फोटोग्राफरने मला दारापर्यंत नेले, उन्हात धरले, तिरके केले, अंगठ्याने घासून पाहिले. "चमकत नाही ना हे?" त्याने विचारले. दुकानदार म्हणाला, "कसलं चमकतंय साहेब, मेलेलं कापड आहे ते." फोटोग्राफर खूश झाला आणि त्याने मला लगेच बांधून घेतले. माझ्या वाट्याला आलेले पहिले कौतुक हे असे होते. त्याच्या बायकोने भोक कापून कडेला टाके घातले आणि मी कामाला लागलो.

चमक नको म्हणून इतका हट्ट का, ते सांगतो. तुम्ही कधी गिटारचा फोटो काढून पाहा. नव्या गिटारची पाठ म्हणजे लाकडाचा आरसाच असतो, आणि तो जरासा फुगीर असल्यामुळे खोलीतले सगळे काही त्यात येऊन बसते. खिडकी येते, दिवे येतात, कॅमेऱ्याचे तीन पाय येतात. फोटोग्राफरने पहिल्यांदा फोटो काढला तेव्हा गिटारच्या पाठीत त्याचे चौकड्यांच्या शर्टातले पोट आले होते. दिवे विझवावेत, तर गिटार कळकट फळीसारखी दिसे. दिवे लावावेत, तर तारा पिळण्याच्या प्रत्येक खुंटीत एकेक दिवा पेटे. त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी त्याने दिवे बाजूला नेले, त्यांच्यापुढे पांढरी कापडे लावली, आणि गिटार व स्वतः यांच्यामध्ये मला टांगले. आरशाने पाहायचे ते फक्त मला, आणि माझ्यात पाहण्यासारखे काहीच नाही.

या सगळ्या त्रासाचे मूळ होते मिस्त्री. जिन्याखालच्या एका खोलीत ते गिटारी घडवत. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, त्यात कापडाचा बोळा बुडवायचा आणि पंधरा-पंधरा दिवस घासत बसायचे, अशी त्यांची रीत होती. त्यांची बोटे कायम तांबूस आणि चिकट असत. गिटार पुरी झाली की ते ती फोटोग्राफरच्या स्टुडिओत घेऊन येत, कारण लांबची गिऱ्हाइके फोटो पाहूनच गिटार मागवत.

"मिस्त्री, जरा कमी चमकवत जा हो," फोटोग्राफर म्हणे.

"बरं, पुढची खरकटी ठेवतो," मिस्त्री म्हणत. "तुमचा त्रास वाचेल."

ते फोटोग्राफरला चकाचक म्हणत. नाव शोभून दिसे. गिटारवर धुळीचा कण दिसला तरी चकाचकचा जीव कासावीस होई. फुंकर मारायचा, पुसायचा, पुन्हा वाकून बघायचा. फोटोत गिटारखेरीज दुसरे काही येऊ द्यायचे नाही, असा त्याचा नेम होता. बिघडलेला फोटो तो त्याच दिवशी उडवून टाकी. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. वाईट असता तर मला हे सांगणे सोपे गेले असते.

गिटार छताला बारीक दोऱ्याने टांगलेली असे. माझा उजवा चिमटा ढिला होता. नवा आणू, नवा आणू म्हणता म्हणता अठरा वर्षे गेली. तोवर मिस्त्री माझ्यामागे उभे राहून तो कोपरा हाताने धरत. "माझ्या लेकीचा फोटो आहे, मी नको का हजर?" असे ते प्रत्येक गिटारच्या वेळी म्हणत. त्यांच्या बोटांवरची लाख माझ्या कोपऱ्याला लागे आणि वाळे. हळूहळू तिथे चार बोटे आणि एक अंगठा उमटला. तांबूस, टणक, नखाने खरवडले तरी न निघणारा. मला तो डाग मुळीच आवडत नसे. सगळ्या अंगात तेवढीच एक जागा चमकायची.

एकदा मिस्त्रींना जोराची शिंक आली आणि कोपरा हातातून सुटला. नेमके त्याच क्षणी बटण दाबले गेले. गिटारच्या पाठीत अख्खे मिस्त्री आले: बाह्या वर केलेल्या, कपाळावर चष्मा, आणि स्वतःच्या शिंकेला तोंड भरून हसताना. त्यांचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. त्यापायी ते कॅमेऱ्यासमोर कधी ओठ उघडत नसत. पण आपण फोटोत येऊ असे त्यांना कुठे ठाऊक होते?

"अरे, बरा दिसतोय की मी," कॅमेऱ्यात डोकावून ते म्हणाले. "एक द्या ना घरी दाखवायला."

"हा कसला देऊ? खराब झालाय. तुमचा एक नीट काढून देतो कधीतरी."

"बघा हं. विसराल."

"नाही विसरत हो."

त्या संध्याकाळी चकाचकने तो फोटो उडवला. खरे सांगतो, मला हायसे वाटले. माझ्या हातून झालेली एकुलती एक चूक कायमची पुसली गेली होती.

ते 'कधीतरी' काही उजाडले नाही. मिस्त्रींच्या छातीत दुखू लागले, खोलीला कुलूप लागले, आणि महिन्याभरात मिस्त्री गेले.

पंधरवड्याने त्यांची मुलगी स्टुडिओत आली. "काका, घरी बाबांचे फोटो आहेत, पण सगळे ओळखपत्रासारखे," ती म्हणाली. "ओठ मिटलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बाबा म्हणाले होते, गिटारच्या पाठीत माझा हसतानाचा फोटो आलाय, दातासकट. तो मिळेल?"

चकाचकचा चेहरा पडला. "शोधतो," एवढेच तो म्हणाला. उडवलेली गोष्ट शोधून मिळत नाही हे त्याला ठाऊक होते. तरी दोन दिवस तो कॉम्प्युटरसमोर बसला. अठरा वर्षांच्या गिटारी त्याने एकेक करून मोठ्या करून पाहिल्या. पाठीत पाहिले, कडांमध्ये पाहिले, खुंट्यांच्या चिमुकल्या आरशांतही पाहिले. कुठेतरी मिस्त्रींची बाही, निदान एक कोपर तरी असेल. कुठेच काही नव्हते. सगळीकडे काळे होते. सगळीकडे मीच होतो. आयुष्यभर ज्या सफाईचा मला गर्व होता, ती त्या पोरीच्या आड आली.

"नाही गं सापडला," त्याने तिला सांगितले. त्याच्याने वर बघवत नव्हते.

ती जायला वळली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मग हा पडदा द्याल मला? बाबा धरायचे तो." डागाबद्दल ती बोलली नाही. बहुधा संकोचली.

"उद्या येऊन घेऊन जा," चकाचक म्हणाला. त्याला इतके बरे वाटले, की काय करू आणि काय नको असे झाले. त्याने मला खाली उतरवले, झटकले, दोन पाण्यांतून काढले. कोपऱ्यावरचा डाग पाण्याने जाईना. मग त्याने स्पिरिटची बाटली आणली. मित्रांनो, लाख स्पिरिटमध्येच विरघळते. मिस्त्री ती विरघळवत तशीच ती गेली. आधी अंगठा गेला, मग एकेक बोट. तो मन लावून घासत होता. चिंधीवर तांबूस पाणी उतरत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मला चमकायचे होते. मग त्याने मला इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी मुलीने घडी हातात घेतली आणि तिथेच उलगडली. उजवा कोपरा पाहिला. मग डावा पाहिला. पुन्हा उजवा.

"इथे काहीतरी होतं ना, काका?"

"डाग होते गं. सगळे काढले. एक म्हणून ठेवला नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने मला नीट घडी घातली. त्याला ते कधीच कळले नाही. तिने कळू दिले नाही.

मुलांनो, टापटीप राहा असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगतो, की दुसऱ्याची वस्तू पुसायला घेण्याआधी तिच्या मालकाला एकदा विचारा. आणि कुणी फोटो मागितला तर 'कधीतरी' म्हणू नका. तेव्हाच द्या, बिघडलेला असला तरी द्या.

हल्ली मी तिच्या कपाटात असतो. कधी कधी ती मला बाहेर काढते, मांडीवर घेते आणि उजव्या कोपऱ्यावर आपली बोटे ठेवून बघते. अंदाजाने ठेवते. अंगठा दर वेळी जरा खालीच पडतो. नेमकी जागा मला ठाऊक आहे.