दहा स्टॉपची काळी काच

लेन्समध्ये जाणारा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर स्वस्तात घ्यायचा असेल तर वेल्डिंगची काच आधी विसरा. सुराबायात आम्ही सगळ्यांनी तिच्यापासूनच सुरुवात केली. रबरबँडने लेन्सवर बांधायची, समुद्र शेवाळासारखा हिरवा यायचा, मग घरी बसून तो हिरवेपणा काढायचा.

दुसरं, प्रत्येक लेन्ससाठी वेगळा फिल्टर घेऊ नका. सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच घ्या. बाकीच्यांना कडी लावून बसवता येतो.

तिसरं.

तिसरं शांतपणे सांगायला मला जमत नाही. तिथे दार्सोनो येतो.

दार्सोनो म्हणजे आमच्या फोटो क्लबचा प्रमुख. त्याने सगळ्यांसाठी घाऊकात दहा स्टॉपचे, म्हणजे प्रकाश हजारपट कमी करणारे, फिल्टर आणले. "स्वस्त आहेत, डोळे मिटून घ्या. शटर मिनिटभर उघडं ठेवलं की लाटांचं दूध होतं."

"आणि माणसाचं काय होतं, पाक?" मी विचारलं. मोठ्या माणसाला आमच्याकडे पाक म्हणतात.

"हलला तर पुसला जातो. हलू द्यायचा नाही."

फोटोत फिल्टरचा रंग वांग्यासारखा उतरत होता, तेही चाललं असतं. पण रविवारी पहाटे केंजेरानच्या किनाऱ्यावर पोचले, तर न हलणारा माणूस म्हणून चिखलात माझा बाप उभा.

मला कुणी विचारलं नव्हतं. एप्पा रोज ओहोटीला तिथे शिंपल्या काढतात. डोक्याला फडकं असतं. दार्सोनोने ते काढून बांबूची टोकदार टोपी घातली होती. आमच्या घरात तसली टोपी कुणी कधी घातलेली नाही.

"एप्पा, हे काय?"

"तुझ्या क्लबची माणसं आहेत, होस. नाही कसं म्हणू?"

"गुडघे?"

"चालताना दुखत नाहीत."

म्हणजे उभं राहिलं की दुखतात.

ट्रायपॉड ओळीने लागले. सगळ्यांनी आधी फोकस लावून घेतला, कारण काळी काच चढली की आतून काही दिसत नाही. मग काचा चढल्या. खरंच कुणाला काही दिसत नव्हतं.

"शटर उघडलं. पाक मत्रावी, श्वास हळू."

पहिला फोटो. एप्पांचा पाय थरथरला, टोपी हलली.

"एका धडाला दोन डोकी आलीत," कुणीतरी हसलं. "पुन्हा."

दुसरा. भरती लागली होती. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं.

"पुन्हा. मांडीला हात लावू नका, पाक."

"त्यांच्या शिंपल्या बुडतायत," मी म्हटलं.

"भरपाई देऊ की. तू तुझा कॅमेरा सांभाळ. आमच्या काचा वांगी म्हणतेस आणि स्वतः तीन स्टॉपवर आलीस. त्यात एक सेकंदही मिळत नाही."

"एका सेकंदात माणूस ओळखू येतो."

"त्याला लाँग एक्स्पोजर म्हणत नाहीत."

तिसऱ्यांदा शटरं उघडली. मी चिखलात उतरले. मागून दार्सोनो निवांत म्हणाला, "जाऊ दे तिला. चालतेय, फोटोत येणार नाही."

बरोबर होतं ते. सरळ चालत जाऊन एप्पांना घेऊन आले असते, तर कुणाच्याच फोटोत उमटले नसते. माझा राग पाण्याबरोबर गुळगुळीत झाला असता.

म्हणून त्यांच्यापुढे जाऊन थांबले. किनाऱ्याकडे तोंड केलं, हात कमरेवर, आणि हलले नाही.

"बाजूला हो, होस्निया."

हलले नाही.

"अगं, सगळ्यांचे फोटो जातायत."

श्वाससुद्धा हळू घेतला. त्यांनीच शिकवलं होतं.

मागे एप्पांनी टोपी काढल्याचा आवाज आला. मग त्यांचे पाय चिखलातून निघाल्याचा, एक, मग दुसरा. "तू उभीच राहा," ते म्हणाले, "मी पलीकडचा चिखल बघतो, अजून थोडा उघडा आहे."

शटरं बंद झाली, शिव्या सुरू झाल्या. मी उभीच होते. पाठीमागे पाण्यात हात घालून, वाकून, सरकत, माझा बाप शिंपल्या काढत होता. तसा तो त्या लोकांच्या एकाही फोटोत नाही.

तिसरं म्हणजे, तीन स्टॉपचा घ्या.