वेगानंदांचा जप आणि चंद्रामावशींचा कान

बुधवारी सकाळी राजमतीच्या व्हिडिओ स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. आष्ट्याच्या बाजारगल्लीतली दहा बाय बाराची खोली, आत पंचवीस माणसं, आणि चपलांचा ढीग पार शेजारच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. श्री वेगानंद महाराज आज राजमतीचा गोगलगायीसारखा संगणक पळवणार होते!

मी त्याच गल्लीत संगणकाचे वर्ग चालवतो. वर्षभर तिला सांगत होतो, "मशीन नेमकं कुठं अडतंय ते आधी बघू, मग काय बदलायचं ते ठरवू." पण पिकतं तिथं विकत नाही. दिरानं महागडं ग्राफिक्स कार्ड सुचवलं, भावानं रॅम वाढवायला सांगितलं, आणि या गोंधळात महाराजांची जीप दारात येऊन थांबली.

खरी घाई होती कृष्णातची. हा फौजी गडी लग्नासाठी रजेवर आलेला. शुक्रवारी संध्याकाळी मिरजेहून त्याची गाडी होती. "ताई, तिकडं पोस्टवर नेट न्हाई. लग्नाची फिल्म संगंच न्यायची हाय," असं तो रोज येऊन सांगायचा. फिल्म दोन तासांची. राजमतीचं मशीन मात्र तीन मिनिटांचा तुकडा तयार करायला एकोणीस मिनिटं घेई, आणि पुरी फिल्म लावली की मध्येच मान टाके. दोनदा तिनं पहिल्यापासून सुरुवात केली होती. तिला शब्द मोडायचा नव्हता.

"प्रोसेसर म्हणजे काय? प्राण!" महाराज गरजले. "रॅम म्हणजे काय? साक्षात रामाचं स्मरण! तुमच्या मशीनचा प्राण नैऋत्येला अडकलाय, ताई."

मशीन पूर्वेला होतं. पण विचारतो कोण?

महाराजांनी आधी कसलाही उपाय न करता वरातीचा तीन मिनिटांचा एक तुकडा तयार करायला लावला. भिंतीवरच्या घड्याळात मोजून एकोणीस मिनिटं लागली. मग तांब्याचं वेगयंत्र डबल टेपनं मशीनला चिकटवलं. माऊस हातात घेऊन मशीनची 'नाडी' तपासली, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या आणि पडद्यावर भगवं वस्त्र टाकलं. "आता कुणीही हात लावायचा नाही. मशीन विश्रांती घेतंय."

पंचवीस मिनिटं 'वेगं देहि, वेगं देहि' असा जप चालला. वस्त्र उचललं, तोच तुकडा पुन्हा लावला. एका मिनिटात तयार! टाळ्यांनी पत्रा हादरला. कृष्णातनं महाराजांचे पाय धरले. खोटं कशाला सांगू, माझाही आ वासला होता.

वेगयंत्राची दक्षिणा एकवीस हजार. नव्या मशीनसाठी साठवलेले सगळे पैसे राजमतीनं कपाटातून काढले.

"थांब, राजे." दारात गिरणीवाल्या चंद्रामावशी उभ्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेल्या. "म्हाराज, मशीन इश्रांती घेत हुतं न्हवं? मग घुमत का हुतं?"

"काय?"

"तीस वरसं गिरणी चालवतीया. मोटार रिकामी फिरतीया का दळतीया, ते मला पाठमोरी असताना बी कळतं. तुमचा जप चालला तवा मशीनचा पंखा दळणाच्या आवाजात घुमत हुता. शेवटाला गप झाला, आन् लगेच तुमी कापड उचललं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "मावशी, ते यंत्र काढा. राजमती, तेवढाच दुसरा तुकडा उघडून ठेव."

"नव्या तुकड्याला नवा जप लागतो!" महाराज घाईघाईनं म्हणाले.

"जप न्हाई, च्या लागतोय," असं म्हणत मावशींनी वेगयंत्र उपटलं आणि सरळ ज्वारीच्या पोत्यात खुपसलं.

आम्ही पडद्यावर वस्त्र टाकलं आणि पंचवीस जणांनी चहा प्यायला. पंखा घुमू लागला. मी अर्ध्यात वस्त्र उचललं, तर तुकड्याच्या डोक्यावरची लाल रेघ हळूहळू निळी होत चाललेली! एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं, तर ते पुढचं काम आधीच करून बाजूला ठेवतं. महाराजांनी 'नाडी' बघताना तीच सोय चालू केली होती. रेघ पुरती निळी झाल्यावर तुकडा लावला. एक मिनिट!

"म्हंजी जपात दळलं, आन् मग नुसतं पोत्यात भरलं!" मावशी म्हणाल्या. खोली हसून हसून लोटपोट झाली. महाराजांच्या प्राणालाही गती आली असावी, कारण जीप कधी सुटली ते कुणाला कळलंच नाही.

कृष्णातचा चेहरा मात्र पडला. "सर, मग माजी फिल्म?"

ती सोय बंद करून मी तिसरा तुकडा लावला आणि मशीनमधला कोणता भाग किती राबतोय ते पडद्यावर सगळ्यांना दाखवलं. प्रोसेसर निम्मा रिकामा, रॅम शिल्लक, आणि जिच्यावर सगळं चित्रण साठवलेलं, ती जुनी हार्डडिस्क शंभर टक्के घामाघूम.

मावशींनी चष्मा वर केला. "जातं मोकळं फिरतंय, वरनं दाणाच पडंना व्हय?"

मी वर्षभर जे समजावू शकलो नव्हतो, ते मावशींनी एका वाक्यात सांगितलं.

दुपारच्या एसटीनं राजमती सांगलीला गेली आणि एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घेऊन आली. दक्षिणेच्या निम्म्यातसुद्धा भागलं. ग्राफिक्स कार्ड नको, रॅम नको. गुरुवारी आम्ही सगळं चित्रण नव्या डिस्कवर घेतलं. शुक्रवारी सकाळी अख्खी फिल्म लावली, ती एकदाही न अडकता दुपारच्या जेवणाआधी तयार झाली. पेनड्राइव्ह छातीच्या खिशात घालून कृष्णात निघाला. जाताना पाया पडला तो मावशींच्या. वर्दीला पीठ लागलं, तरी त्यानं झटकलं नाही.

वाचकहो, वेगानंद आता दुसऱ्या एखाद्या गावात नाडी बघत असतील. तुमच्याकडे आले, तर भांडू नका. तांब्याचा पत्रा बाजूला काढा, तसंच दुसरं काम समोर ठेवा आणि जपाऐवजी तेवढाच वेळ चहा प्या. चहानंही तोच चमत्कार झाला, तर पैसे कपाटातच ठेवा.