जोहराबीचा समुद्र आटला तेव्हा

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, पोट सुटलेला, मान आखूड आणि तोंडाला घट्ट फिरकीचं झाकण. हसू नका मित्रांनो! मला पालथा टाका, थेंबभर पाणी सांडायचं नाही.

नांदेडच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि बिलोलीच्या जोहराबीबरोबर तिच्या लग्नात मी औशाला आलो. तिचा नवरा ताहेरभाई शिंपी. आम्ही तिघं किती उरूस, किती लग्नं फिरलो! एसटीत सगळे माझ्याकडंच पाणी मागायचे. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. लई राग आला होता मला.

जोहराबीला एकच हौस होती, समुद्र बघायची. "पुढच्या साली जाऊ," असं ताहेरभाई दर साली म्हणायचे. यंदा तिचे गुडघे फारच दुखायला लागले, तसे ते घाबरले. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर त्यांनी रेवदंड्याला जायचं ठरवलं. जोहराबीनं मला खाली काढून चिंचेनं लख्ख घासलं. काय सांगू, अंगात वारं भरलं माझ्या!

रेवदंडा म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत वसलेलं निवांत गाव. नारळाच्या वाड्या, मोकळे रस्ते, रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. गप्पा मारत आम्ही किनाऱ्यावर पोचलो आणि बघतो तर काय, पाणीच नाही! लांबवर नुसता चिखल आणि कलंडलेल्या होड्या.

जोहराबी मटकन खाली बसली. "या अल्ला! हितलं बी आटलं?"

ताहेरभाईंनी कपाळाला हात लावला. आम्ही लातूरकडची माणसं. तळी आटलेली बघितली, धरणं आटलेली बघितली, मग समुद्राचं तरी काय सांगावं? विचारायला चिटपाखरू नव्हतं. "चल, परतीची गाडी गाठू," ते पडेल आवाजात म्हणाले. जोहराबी रडायला लागली. मीही रडलो असतो, पण फिरकी घट्ट होती.

वाटेत एक कोळीण मासे वाळत घालत होती. तिनं काय झालं म्हणून विचारलं आणि ऐकून पोट धरून हसली. "अगो, आटत नाय तो! ओहोटी हाय. बस वाईच, येतोय परत."

ताहेरभाई म्हणजे गाडीच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारा माणूस. त्यांनी घड्याळ बघितलं, मग बायकोकडं बघितलं.

"जाऊ दे गाडी," ते म्हणाले. "बस."

"आन् घरी कवा जायचं?"

"घर कुठं पळून चाललंय?"

आणि मित्रांनो, पाणी आलं! आधी चिखलावर एक चकाकती रेघ, मग फेस, मग होड्या डुलायला लागल्या. जोहराबी साडी खोचून आत शिरली आणि ओरडली, "अजी, हे तर थांबूनच न्हाई राहिलं!" दुखरे गुडघे भिजवत ती पोरीसारखी हसत उभी राहिली.

गल्लीतल्या बायांसाठी तिनं मला समुद्रानं गच्च भरून आणलं. खाऱ्या पाण्यानं माझ्या पोटात हिरवे डाग पडलेत, पडू देत. औशातली एकेक बाई बोट बुडवून चाखायची, तोंड वाकडं करायची आणि हळूच म्हणायची, "आमाला कवा नेतंय कुणी?"

तर मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना सवडीनं घासा. आम्ही माळ्यावर वाट बघू. पण तुमच्या आईला, आजीला काय बघायचं राहिलंय, ते आजच विचारा. गुडघे वाट बघत नाहीत.